साहेब आणि डबी

घाबरणं हे आमच्या घरात माझं काम होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, मी पडद्यांच्या दुकानात कापड कापायची, सासूबाई आम्हा दोघांच्या कामाला नावं ठेवायच्या, आणि घाबरायला दुसऱ्या कुणाला सवड नव्हती म्हणून ते खातं आपसूक माझ्याकडे आलं. त्या वर्षी तर ते जोरात चाललं होतं. सासूबाईंचं हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा छातीत दुखलं तर घरी बसून वाट बघू नका, गाडीत घाला आणि सरळ वर घेऊन या, असं त्यांनी बजावलं होतं. हॉस्पिटल टेकडीवर आहे. "वर म्हणजे हॉस्पिटलात ना, का अगदीच वर?" असं सासूबाईंनी विचारलं, आणि डॉक्टरांनाही हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी उठले की मी आधी भिंतीला कान लावायची. पलीकडून घोरणं ऐकू आलं की मगच चहा ठेवायची.

त्यातच घरमालकाने गेटच्या आत एकच गाडी लावायची असा नियम काढला. आमच्याकडे दोन होत्या, आणि दोन्ही म्हाताऱ्या.

नवऱ्याचा तो साहेब. लांबलचक, राखाडी, डिझेलवर चालणारा. पूर्वी कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या साहेबाला ने-आण करायचा म्हणून नाव तेच पडलं. माझी ती डबी. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. हिरवी, आखूड, माझ्या वडिलांनी वापरून वापरून मला दिलेली. दोन्हींचा रंग जागोजागी उडालेला होता, पण नवरा साहेबाला पुसायचा आणि डबीवर कावळे बसायचे.

कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, यावर घरात बरीच धुसफूस झाली. एकच निकष होता: आईंना काही झालं तर वर कोण नेणार. नवरा म्हणे, साहेबाचा पिकअप बघ, चढाला दम लागत नाही, मागच्या सीटवर आई आडवी होऊ शकते, डिकीत घडीची व्हीलचेअर मावते, तुझ्या डबीत भाजीची पिशवी ठेवली तर छत्री हातात धरावी लागते. मी म्हणे, डबी आपल्या गल्लीत एका दमात वळते, साहेब पुढे-मागे करता करता शेजारच्यांच्या कुंड्या फोडतो. डबीचा कुठलाही भाग कोपऱ्यावर मिळतो, साहेबाच्या एका आरशासाठी तू अख्खं शहर पालथं घातलंस. थंडीत डबी पहिल्या सेल्फला सुरू होते, साहेबाची आधी मनधरणी करावी लागते. आणि मुख्य म्हणजे डबी कुणालाही सुरू करता येते.

"कुणालाही म्हणजे? चोरालाही," नवरा म्हणाला.

हे तो उगाच म्हणाला नव्हता. साहेबाच्या पोटात त्याने एक चोरबटण बसवलं होतं. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, इंजिन ढिम्म. बटण आहे हे मला माहीत होतं, कुठे आहे ते फक्त त्याला. तो लबाड किंवा संशयी माणूस नव्हता. त्याला ते त्याच्या कामाने शिकवलं होतं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे त्या उभ्या काळोख्या बोळात, जो माणूस उतरतो त्याने लिफ्ट बंद करायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालायची, दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची नाही, असा त्यांचा नियम. त्याच्याबरोबर काम शिकलेला एक जोडीदार खाली उतरलेला असताना कुणीतरी भल्या हेतूने दुसऱ्या किल्लीने लिफ्ट सुरू केली होती. त्या दिवसापासून नवऱ्याच्या लेखी दुसरी किल्ली म्हणजे मरण. हे मला कळत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. पण भीती कळण्याने थोडीच जाते?

"मला एकदा दाखवून ठेव ना," मी म्हटलं. "तू कामावर असलास आणि आईंना काही झालं तर?"

कामावर त्याला कंपनीची व्हॅन न्यायची, साहेब घरीच असायचा. तो म्हणाला, फोन कर, सांगेन. मी म्हटलं, शाफ्टमध्ये फोन लागत नाही. तो म्हणाला, बरं, दाखवतो कधीतरी.

"आणि तूच आजारी पडलास तर?"

"मला काय धाड भरलीये?" तो म्हणाला आणि फडकं घेऊन साहेबाच्या काचा पुसायला गेला.

शेवटी फैसला रस्त्यावर करायचा ठरला. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं आधी साहेबातून आणि मग डबीतून हॉस्पिटलपर्यंत गेलो. सासूबाईंना मागे बसवलं, कारण खरी परीक्षा त्यांच्यासकट होती. "म्हणजे मी वजन म्हणून येतेय," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. सासूबाई अंगाने भक्कम आहेत. हृदय तेवढं नाजूक.

साहेब पाण्यासारखा गेला. चढाच्या बरोबर मधोमध एक सिग्नल आहे, तिथे लाल दिवा लागला, हिरवा झाला, आणि साहेब एक धुराचा फुत्कार सोडून निघाला. मग डबी. ती मी चालवत होते. सपाट रस्त्यावर तिने माझी लाज राखली. पण त्याच सिग्नलला थांबलो आणि हिरवा झाल्यावर क्लच सोडला, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी दचके खाऊन बंद पडली आणि मागे घरंगळली. मागे बस होती. आरशात मला तिची नुसती जाळी दिसत होती. हँडब्रेक ओढला, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. सासूबाई खाली उतरल्या होत्या आणि पदर खोचत होत्या. मी चालत येते, तुम्ही व्हा पुढे, असं त्यांनी काचेतून सांगितलं. त्या उतरल्या आणि डबी चढली. नवरा खिडकीबाहेर बघून गालात हसला. थोडं वर जाऊन आम्ही कडेला थांबलो आणि त्यांना चालत येताना बघत बसलो. त्या आल्या तेव्हा त्यांचे ओठ काळसर पडले होते. घरी येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

मी हरले, आणि रास्त हरले. डबी मागच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याने घेतली. एक किल्ली नवऱ्याने त्याला दिली. दुसरी माझ्या कात्र्यांच्या ड्रॉवरमध्ये होती. ती मी मुद्दाम ठेवली असं नाही आणि विसरले असंही नाही. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली होती, एवढंच.

पुढच्याच रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. नवरा गेटच्या आत बुटक्या स्टुलावर बसून साहेबाची चाकं घासत होता. मी पायरीवर शेंगा सोलत होते. सासूबाई खिडकीतून त्याला सूचना देत होत्या.

"मला तो चमचा दे," नवरा म्हणाला.

मी विचारलं, कसला चमचा? तो बादलीच्या काठावरच्या कोरड्या फडक्याकडे बघत होता. "चमचा," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी तो शब्दसुद्धा धड आला नाही. मग उजव्या हातातला ब्रश गळून पडला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कुणी त्याच्या मांडीवर आणून ठेवलाय. तोंडाची एक बाजू खाली ओघळली. मग तो स्टुलावरून हळूच, काही घाई नसल्यासारखा, साहेबाच्या दाराला टेकत खाली बसला.

इतके महिने मी जी भीती घेऊन फिरत होते ती चुकीच्या माणसाच्या नावाने होती. हे मला तिथेच, शेंगांची टोपली पायावर उलटी होत असताना, लख्ख कळलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई शांत होती, आणि त्या शांतपणाची मला चीड आली. गाडी दुसरीकडे गेली आहे, यायला वेळ लागेल, तुमच्याकडे वाहन असेल तर निघा, या दुखण्यात थांबून राहू नका, असं तिने सांगितलं. वाहन होतं. दोन पावलांवर होतं. तीन माणसं आरामात नेणारं, चढावर न थकणारं.

सासूबाई कधी खाली आल्या मला कळलंच नाही. आम्ही दोघींनी त्याला ओढून साहेबाच्या मागच्या सीटवर घातलं. मी त्याच्या खिशातून किल्ली काढली, पुढे बसले, फिरवली. दिवे लागले. बाकी काही झालं नाही.

बटण.

मी वळून त्याला विचारलं, बटण कुठे आहे? त्याला समजलं होतं. डोळ्यांत दिसत होतं की समजलंय. तोंडातून नुसता एक लांब, ओला आवाज आला. डावा हात उचलून तो पुढच्या सीटच्या पाठीवर आपटत राहिला. मी डॅशबोर्डखाली हात घातला, सीटखाली, पायपुसणीखाली, सिगारेटच्या राखेचा तो कप्पा उपसला, दाराचं अस्तर चाचपलं. सगळीकडे तारा आणि स्क्रू. ज्या माणसाने लिफ्टची गुंतागुंतीची पॅनेलं जोडलीत त्याने लपवलेली गोष्ट पडदे कापणाऱ्या बाईला सापडणार थोडीच. मी रडत त्याच्यावर ओरडले. "बोल ना! कुठे ठेवलंयस?" तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं.

"ती डबी घेऊन ये," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, ती विकली. त्या म्हणाल्या, किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, मी बघितलीय, पळ.

मी पळाले. एका पायात चप्पल होती, एक कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. चष्मेवाल्याच्या दारात डबी उभी होती, त्याने तिच्यावर छानपैकी नवीन आच्छादन घातलेलं. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आतून नळाचा आवाज येत होता. मी आच्छादन ओढून रस्त्यात फेकलं, दार उघडलं, आणि सेल्फ मारला. डबी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गल्लीत एका दमात वळली. आरशात मला ओल्या केसांचा चष्मेवाला टॉवेलवर बाहेर आलेला दिसला. त्याला चष्म्याशिवाय कोण चोर आहे हेही दिसलं नसणार.

साहेबातून नवऱ्याला काढून डबीत घालणं कसं जमलं ते मला सांगता येणार नाही. ज्या सासूबाईंना बादली उचलायची बंदी होती, त्यांनी त्याला काखेत धरून उचललं. त्या मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. साहेबात तो आडवा झाला असता. इथे त्याचे पाय माझ्या सीटच्या पाठीत रुतले होते, आणि ब्रेक मारला की उजवा पाय लाकडासारखा ठोकत होता.

वाटेत त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. सासूबाईंनी तो घेतला. चष्मेवाला होता, गाडी चोरीला गेल्याचं मोठ्या आवाजात सांगत होता. तुमच्याकडून घेतलेली गाडी, तुम्हीच पोलिसात चला म्हणत होता. "चोरली नाही, घेतलीय," सासूबाई म्हणाल्या. "पोरगा माझ्या मांडीवर आहे. परत देऊ." आणि फोन ठेवून दिला. एरवी मी या गोष्टीवर महिनाभर हसले असते. तेव्हा मला फक्त मागून येणारा त्याचा श्वास ऐकू येत होता, मधे थांबणारा, पुन्हा येणारा. तो थांबला की माझाही थांबायचा.

चढ लागला. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. सिग्नल हिरवा होता. मी मनात त्याला हात जोडले की राहा, एवढंच राहा. तो पिवळा झाला, आणि पुढची रिक्षा शहाण्यासारखी थांबली. मी ब्रेक मारला. मागे आरशात बसची जाळी येऊन टेकली. तीच बस असेल असं नाही, पण जाळ्या सगळ्या सारख्याच.

हिरवा झाला. क्लच सोडला. डबी दचकली आणि बंद पडली.

मी पुन्हा सुरू केली. ती पुन्हा घरंगळली. क्लचचा जळका वास गाडीत भरला. बसवाल्याने हॉर्न दिला, त्याच्या मागच्यांनी दिला. माझ्या हातांना घाम सुटून चाक निसटत होतं आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की मी इथेच, हॉस्पिटल दिसत असताना, याला मारणार आहे.

मागचं दार उघडलं.

मी वळले. सासूबाईंनी सीटवरच्या चादरीची घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली होती, पट्टा त्याच्या छातीवरून ओढला होता, आणि त्या एक पाय रस्त्यावर ठेवून उतरत होत्या. "आई, नको," मी म्हटलं. "आई, तुम्हाला चढ..."

"गप. गाडी काढ," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबलीस तर याद राख."

दार लागलं. मी क्लच सोडला. डबी कण्हली, थरथरली, आणि चढली. आरशात मला त्या दिसत होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. त्या लहान होत गेल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. तोवर मी एका माणसासाठी घाबरत होते. त्या वळणावर मी दोघांसाठी घाबरायला लागले, आणि गाडी थांबवू शकत नव्हते.

वर दारात स्ट्रेचर आणलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, चमचा मागितल्यापासून. माझी बोबडी वळली होती, पण त्या बाई समंजस होत्या, त्यांनी नीट विचारून घेतलं आणि वेळेत आणलंत असं म्हणून त्याला आत नेलं. दार लागलं. मी एका शिपायाला हात जोडून सांगितलं की चढावर माझ्या सासूबाई आहेत, चाकाची खुर्ची घेऊन जा. तो खुर्ची शोधायला गेला. आता मी आतल्या दाराशी उभी राहू की बाहेरच्या, हे मला ठरवता येईना. आतल्या दारातून कुणी बाहेर येऊन काही सांगेल याची भीती, बाहेरच्या दारातून कुणी आत येणार नाही याची भीती. मी मधेच, फरशीच्या मधोमध, एका चपलेवर उभी राहिले. लोक मला वळसा घालून जात होते.

बाहेरचं काचेचं दार सरकलं. सासूबाई आल्या. शिपायाची खुर्ची अजून निघालीच नव्हती. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, ओठ काळे, केस सुटलेले. भिंतीला धरत त्या बाकापर्यंत आल्या आणि बसल्या. त्यांना धाप लागली होती. मी त्यांच्या पायाशी बसले.

"चढली का?" त्यांनी विचारलं.

"चढली," मी म्हटलं.

मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी किंचाळून डॉक्टरांना बोलावलं. दोघंही एकाच मजल्यावर राहिली, दोन वेगवेगळ्या खोल्यांत. मी दोन भिंतींना आळीपाळीने कान लावत दिवस काढले.

दोघंही घरी आली. सासूबाई आधी. नवरा नंतर, काठीवर, उजवा हात गळ्यातल्या झोळीत, तोंडात शब्द थोडे. चष्मेवाल्याने डबी परत दिली आणि तिच्या बदल्यात साहेब घेतो म्हणाला. ज्या गाडीच्या किल्ल्या गल्लीभर फिरतात ती मला नको, असं त्याचं म्हणणं. मग एका सकाळी मी नवऱ्याला साहेबात नेऊन बसवलं, स्टिअरिंगमागे, त्याच्या जागेवर. म्हटलं, आता तरी दाखव.

त्याने पुढे पाहिलं. डावा हात उचलला, डॅशबोर्डखाली नेला, दाराशी नेला, परत आणला. पुन्हा नेला. तिथे जाऊन तो हात अनोळखी घरात शिरल्यासारखा घुटमळत राहिला. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात झोळीतून सोडवला, अलगद उचलून स्टिअरिंगच्या खाली नेऊन ठेवला आणि वाट बघितली. हात घरंगळून मांडीवर पडला.

"याला," तो म्हणाला. शब्द शोधायला त्याला वेळ लागला. "याला... माहीत होतं."

आणि तो माझ्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. काळोख्या शाफ्टमध्ये उतरणारा माणूस, आपल्याच गाडीत, आपल्याच मांडीवरच्या हाताला घाबरून बसला होता. मी त्याचा तो हात दोन्ही हातांत घेतला. गार होता. राहू दे, मी म्हटलं, गाड्यांचा वायरमन येईल, तारा सरळ जोडून देईल, त्यात काय. पण माझ्या आवाजाला कंप होता, आणि तो त्याला ऐकू गेला असणार.

आता साहेब चष्मेवाल्याकडे आहे, आणि डबीच्या दोन्ही किल्ल्या दाराजवळच्या खिळ्याला असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही घेता येतील अशा. खिळा नवऱ्याने ठोकून घेतला. हातोडी माझ्या हातात होती, आणि खिळा त्याने डाव्या हाताने धरला होता. सासूबाई म्हणतात, मलाही गाडी शिकव, वजन म्हणून बसून कंटाळा आलाय. मी त्यांना क्लच सोडायला शिकवते आहे. चढावर त्या माझ्यापेक्षा बऱ्या निघाल्यात, आणि शेजारच्या सीटवर बसून घाबरायचं काम अजून माझ्याकडेच आहे.